इअरफोनचा जॅक गेला, भुर्दंड कोणावर?

सर्वसामान्यांच्या घरात मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बँकेचे काम, मुलांचा अभ्यास, गावाकडची खुशाली, सारे त्यातूनच चालते. म्हणून फोन बनविणाऱ्या कंपन्या त्यात काय ठेवतात आणि काय काढून टाकतात, हा विषय केवळ तज्ज्ञांचा नाही, तो आपल्याही घराचा आहे, असे आम्हांस वाटते. इअरफोनची पिन घालण्याचे गोल भोक, म्हणजे जॅक, महागड्या फोनमधून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तो का गेला आणि त्याचा भुर्दंड कोणावर पडला, हे आपण समजून घेऊ या.

या जॅकचा जन्म फोनच्याच कामासाठी झाला. १९ व्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेल्या मुली पाव इंच जाडीची पिन एका भोकातून काढून दुसऱ्यात घालत आणि दोन माणसांचे बोलणे जोडून देत. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओसाठी साडेतीन मिलिमीटरची छोटी पिन आली. १९७९ साली सोनी कंपनीचा वॉकमन निघाला आणि ही पिन घरोघर पोहोचली. रेडिओ, टेप, टीव्ही, संगणक, मोबाईल, सर्वांना एकच पिन. फुटपाथवर घेतलेला इअरफोनही महागड्या फोनला चालत असे, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

जॅक नसलेले काही फोन आधीही निघाले होते, पण खरा वाद पेटला तो ७ सप्टेंबर २०१६ रोजी. त्या दिवशी ॲपलने आयफोन ७ जगापुढे ठेवला. त्यात जॅक नव्हता. कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी या निर्णयाला 'धाडस' असे नाव दिले आणि जगभर त्याची थट्टा झाली. नुसती कुणकुण लागताच त्याच वर्षाच्या आरंभी 'सम ऑफ अस' या संघटनेच्या निषेधपत्रावर दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या होत्या.

इतर कंपन्यांनी ही संधी साधली. गुगलने ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्या पिक्सेल फोनला जॅक असल्याची जाहिरात केली आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ मधून तो काढला. सॅमसंगनेही जाहिरातीत ॲपलला चिमटे काढले आणि २०१९ मध्ये नोट १० मधून जॅक वगळला. हसणारे एकेक करून त्याच वाटेने गेले.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. फोनच्या आत बोटभर जागाही मोलाची असते, जॅक काढला की ती बॅटरीला व इतर भागांना मिळते, असे त्या सांगतात. एक भोक कमी झाले की पाणी व धूळ रोखणे सोपे जाते. बिनवायरचा इअरफोन यंत्रावर काम करताना अडकत नाही, हेही खरे. परंतु पाण्याचे कारण आम्हांस पुरेसे वाटत नाही. त्याच २०१६ साली निघालेल्या सॅमसंगच्या एस ७ मध्ये जॅकही होता आणि तो फोन पाण्यातही टिकत होता.

आता जमाखर्च मांडू. अमेरिकेत आयफोन ७ ची किंमत ६४९ डॉलरपासून सुरू झाली. त्याआधीच्या ६ एसची सुरुवातही तेवढीच होती. म्हणजे एक वस्तू कमी झाली, पण त्यापोटी दाम उतरले नाहीत. त्याच दिवशी ॲपलने १५९ डॉलरचे बिनवायरचे एअरपॉड्स जाहीर केले. जुना इअरफोन जोडण्याचा ॲडॉप्टर आधी खोक्यात मिळे, २०१८ च्या नव्या फोनपासून तो ९ डॉलरला वेगळा घ्यावा लागला. २०२० मध्ये बहुतेक देशांत खोक्यातला इअरफोनही गेला. नफा कोणाकडे आणि खर्च कोणाकडे, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. वायरच्या इअरफोनमध्ये बॅटरी नसते. शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, वायर तुटली तर हात चालणारा मुलगा घरीच डाग देऊन जोडतो. बिनवायरच्या इअरफोनमध्ये कानागणिक एक आणि डबीत एक अशा बॅटऱ्या असतात. त्या हळूहळू थकतात. आयफिक्सिट या दुरुस्तीविषयी माहिती देणाऱ्या संस्थेने पहिले एअरपॉड्स उघडून पाहिले आणि दुरुस्तीसाठी १० पैकी ० गुण दिले. बॅटरी संपली की वस्तू कचऱ्यात. एक कानातून पडून हरवला की जोडी मोडलीच.

तिसरी गोष्ट रेडिओची. मोबाईलवर एफएम ऐकताना बहुधा इअरफोनची वायरच अँटेनाचे काम करते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने उत्पादकांच्या संघटनांना सूचना केली, की फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद ठेवू नये, कारण पूर, वादळ अशा आपत्तीत रेडिओ उपयोगी पडतो. इंटरनेट बंद पडले तरी आकाशवाणी ऐकू येते. वायर जोडायला जागाच नसेल तर या सोयीचा लाभ घ्यायचा कसा?

सुदैवाने कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये जॅक अजून आहे. म्हणून वाचकांना आमचे सांगणे एवढेच, की नवा फोन घेताना दुकानदाराला '३.५ मिमी जॅक आहे का' हे विचारा आणि माहितीपत्रकावर पाहून खात्री करा. जॅक नसलेला फोन घेतलाच, तर ॲडॉप्टर दुकानातच लावून आवाज येतो का ते तपासा, कारण प्रत्येक ॲडॉप्टर प्रत्येक फोनला चालतो असे नाही. चार्जिंग चालू असताना इअरफोन लावता येईल का, हेही विचारा. अभ्यास करणाऱ्या मुलासाठी वायरचा साधा इअरफोन पुरेसा असतो. शेजाऱ्याच्या मुलाकडे बिनवायरचा आहे म्हणून आपण कर्ज काढून हप्ता बांधून घेण्याचे कारण नाही. दुकानात गिऱ्हाईक जे मागत राहते, ते कंपन्यांना बनवावेच लागते.