शोधयंत्राच्या बाजारात पेढीची पत

भुसार व्यापारात पत ही भांडवलाच्याही आधीची गोष्ट होय. नव्या गावच्या अडत्याने माल मागविला, तर त्या गावी ज्या जुन्या पेढीशी आपला व्यवहार असतो तिजकडे आपण प्रथम चौकशी करतो, आणि ती पेढी जितकी भारदस्त तितके तिच्या शब्दास वजन देतो. हुंडीच्या काळी हीच रीत कागदावर उतरली होती. शाहजोग हुंडीचे पैसे कोणा नवख्याच्या हाती न देता बाजारातील मान्य पेढीच्याच हाती द्यावयाचे असत. आज आपल्या घरची तरुण मंडळी पेढीचे संकेतस्थळ काढतात आणि ते गूगलवर वरच्या क्रमांकास कसे येईल याची विवंचना करतात. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी वरील जुन्या रीतीतच आहे, हे सभासद बंधुभगिनींच्या नजरेस आणावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

शोधयंत्राचा कारभार थोडक्यात असा आहे. त्याचे यांत्रिक गुमास्ते अहोरात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरत असतात. एका पानावरून दुसऱ्याकडे नेणारा जो दुवा, तोच त्यांचा रस्ता. पाहिलेल्या पानांची ते खतावणी करतात, आणि कोणी ‘बेळगावातील तूरडाळीचे घाऊक व्यापारी’ असा शोध केला की त्या खतावणीतून जुळणारी पाने क्रमाने पुढे ठेवतात. हा क्रम लावण्याची युक्ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लॅरी पेज व सर्गे ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केली. विद्वानांच्या ज्या निबंधाचा इतर निबंधांत वारंवार उल्लेख होतो तो जसा महत्त्वाचा मानला जातो, तद्वतच ज्या पानाकडे इतरांचे दुवे येतात ते महत्त्वाचे, असे त्यांनी धरले. आपल्याकडे येणाऱ्या अशा दुव्यास या धंद्यातील लोक ‘बॅकलिंक’ म्हणतात.

तथापि सर्व दुवे सारखे नव्हेत. दुवा देणाऱ्या पानाची स्वतःची पत मोठी असेल तर त्याचा दुवा जड. शिवाय ते वजन त्या पानावरील सर्व दुव्यांत वाटले जाते. येईल त्यास शिफारसपत्र देणाऱ्या शेठजींच्या पत्राची बाजारात जी किंमत, तीच हजारो नावांची खैरात करणाऱ्या पानाची. आज गूगल दुव्यांखेरीज इतर अनेक गोष्टी तपासते. परंतु दुव्यांचा विचार तिने सोडलेला नाही.

व्यापारसूचींचा इतिहासही उद्बोधक आहे. १९९४ साली जेरी यांग व डेव्हिड फिलो यांनी याहूची सूची सुरू केली. तीत माणसे स्वतः संकेतस्थळे पाहून विषयवार नोंदी करीत. १९९८ मध्ये निघालेली डीमॉझ ही सूची स्वयंसेवक संपादक चालवीत. कोणी जाणत्याने पाहून नाव घेतले आहे, हा त्या नोंदीचा मान होता. पुढे थेट शोध करण्याची सवय लोकांस जडली. याहूची सूची २०१४ अखेर व डीमॉझ २०१७ मध्ये बंद झाली. मध्यंतरी मात्र त्यांच्या अनुकरणाने असंख्य सूची उगवल्या. त्या कोणी वाचीत नसे. पैसे घेऊन दुवा देणे एवढाच त्यांचा उद्योग होता.

या मार्गाने गेल्यास काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानांच्या कंपनीचे आहे. कपड्यांपासून प्रवासी बॅगांपर्यंत अनेक शोधांत ती कंपनी अग्रभागी दिसू लागली होती. तिच्या मालाशी काडीचाही संबंध नसलेल्या शेकडो पानांवर तिचे दुवे पेरलेले आहेत, असे २०११ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्क टाइम्सने उघडकीस आणले. गूगलने कारवाई करताच एका शोधात ती दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेली. आपल्याला याची माहिती नव्हती, असे कंपनीने सांगितले. परंतु नाव तिचेच खराब झाले. २०१२ च्या एप्रिलात गूगलने ‘पेंग्विन’ नावाची चाळणी लावली. पुढे ही चाळणी अधिक बारीक होत गेली असून, आज असे बहुतेक दुवे मोजलेच जात नाहीत. म्हणजे पैसे बुडतात, आणि प्रसंगी शिक्षाही होते.

आमच्या पेढीकडेही एका एजन्सीचे पत्र आले होते: ठरावीक रकमेत हजार दुवे, पहिल्या पानाची हमी. आम्ही नमुना पाहिल्याखेरीज पोते उचलीत नाही, म्हणून दहा सूचींची नावे मागविली. त्या उघडून पाहता एकाच पानावर परदेशी हॉटेले, औषधे व जुगाराचे खेळ यांच्या रांगेत धान्याचे व्यापारी बसविलेले दिसले. ‘या सूचीवरून आजवर एक तरी ग्राहक कोणाच्या दुकानी गेला काय?’ असे आम्ही विचारले. उत्तर आले नाही. आम्हीही पैसे पाठविले नाहीत.

मग करावे काय? आमच्या मते प्रत्येक नोंदीस एकच कसोटी लावावी: शोधयंत्र नसते, तरी ही नोंद आपण केली असती काय? जेथे खरे ग्राहक पाहतात तेथे नाव अवश्य असावे. गूगलवरील व्यवसायाची नोंद विनामूल्य आहे. इंडियामार्ट, जस्टडायल अशा सूचींवर खरेदीदार प्रत्यक्ष येतात. स्थानिक शोधात गूगल मालाची अनुरूपता, अंतर आणि पेढीचा लौकिक या तीन गोष्टी पाहते. म्हणून नाव, पत्ता व दूरध्वनी सर्वत्र एकसारखे ठेवावे. आपल्या गावी ही दक्षता विशेष हवी. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे नाव सरकारी दप्तरी बदलले. त्यामुळे इंग्रजी नोंदींत कोठे जुने ‘बेलगाम’ तर कोठे नवे ‘बेलगावी’ आढळते. दुकान पेठेतून मार्केट यार्डात नेले असेल आणि जुना पत्ता तसाच राहिला असेल, तर ग्राहक बंद दारापाशी जाऊन परततो. ज्या डाळमिलशी, वाहतूकदाराशी वा शेतकरी कंपनीशी आपला खरा व्यवहार आहे, त्यांनी आपल्या पानावर आपला उल्लेख केल्यास तो एक दुवा विकतच्या हजारांपेक्षा मोलाचा. जाहिरात द्यावयास हरकत नाही; मात्र पैसे देऊन घेतलेल्या दुव्यास तशी खूण असावी, असा गूगलचा नियम आहे. या स्मरणिकेतही जाहिरातीची पाने व लेखांची पाने वेगळी असतात, तसेच हे आहे.

शेवटी आपल्या संघासंबंधी. प्रत्येक सभासदाने प्रत्येक सभासदाचा दुवा द्यावा, अशी सूचना प्रेमापोटी होऊ शकते; परंतु केवळ क्रमांकासाठी केलेली अशी घाऊक देवघेव गूगल गैर मानते. त्याऐवजी संघाने संकेतस्थळावर सभासदांची एकच सूची ठेवावी, प्रत्येकाचा माल व पत्ता दरवर्षी तपासावा, बंद पेढ्या वगळाव्यात आणि बाहेरच्यास तीत पैसे घेऊन जागा देऊ नये. परगावचा व्यापारी संघाचे नाव पाहून त्या यादीतील पेढीवर विश्वास टाकील. त्या विश्वासास बाध येऊ न देणे हे आपणा सर्वांचे काम आहे, आणि त्यासाठी आपल्या नोंदीतील दुरुस्त्या सभासदांनी वेळेवर कळवाव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे.