'आमचा' इतिहास आणि 'आपला' इतिहास

फिलिपाइन्स म्हटले की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात. एक मॅगसेसे पुरस्कार, जो जामखेडच्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांना १९७९ साली आणि बाबा आमटे यांना १९८५ साली मिळाला. दुसरी, डॉक्टरकी शिकायला तिकडे जाणारी मुले. त्या देशाच्या इतिहासाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी कारकुनाची. इतिहास हा माझा विषय नव्हे. परंतु ज्या समाजाचा इतिहास शतकानुशतके दुसऱ्यांनीच लिहिला, त्या समाजाने लेखणी आपल्या हाती घेतली तेव्हा काय काय घडले, हे फिलिपिनो संशोधकांच्या कामात स्वच्छ दिसते. समाजबांधवांनी ते समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

या देशाचे नावच मुळी परक्याचे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप, त्याच्यावरून फिलिपाइन्स. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथे स्पेनचे राज्य होते, त्यानंतर अमेरिका आली आणि स्वातंत्र्य मिळाले ते १९४६ साली. स्पॅनिश अधिकारी व धर्मगुरू तेथील मूळ रहिवाशांना 'इंडिओ' म्हणत. हे लोक आळशी, रानटी, आम्ही येण्यापूर्वी यांना काहीच येत नव्हते, असे ते लिहून ठेवीत. ही भाषा आपल्या वाचकांना नवी नाही.

या लिखाणाला पहिले मोठे उत्तर दिले होसे रिझाल यांनी. डोळ्यांचे डॉक्टर असलेला हा तरुण १८८८ साली लंडनला गेला. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात त्याला आंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचा १६०९ साली छापलेला ग्रंथ सापडला. रिझालने तो संपूर्ण ग्रंथ हाताने उतरवून काढला आणि पानोपानी टिपा लिहिल्या. आमचे लोक जहाजे बांधीत होते, व्यापार करीत होते, त्यांना लिपी होती, हे शत्रूच्याच ग्रंथातून दाखवून दिले. ही आवृत्ती १८९० साली पॅरिसहून निघाली. पुढे ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारने मनिला येथे त्याला गोळ्या घातल्या. वय अवघे ३५. (त्याच्या १८८७ मधील गाजलेल्या कादंबरीच्या लॅटिन नावाचा अर्थ होतो 'मला शिवू नका'. आपण दचकतो, पण तेथे अर्थ निराळा आहे: दुखणे इतके जहाल की हात लावू देत नाही.)

रिझालच्या या कामावर टीकाही झाली, आणि ती त्याच्याच माणसांकडून. त्याचा मित्र ब्लुमेंट्रिट याने प्रस्तावनेतच लिहिले की, जुन्या काळाला आजच्या मापाने मोजणे बरोबर नाही. लोककथा व लोकरीती गोळा करणारे इसाबेलो दे लोस रेयेस यांनीही देशप्रेमापोटी तोल गेल्याचे सांगितले. रिझालला हे लागले. मला मात्र ही टीका मोलाची वाटते, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ त्यातच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी होसे मार्को नावाच्या गृहस्थाने काही जुनी हस्तलिखिते पुढे आणली. त्यांत १४३३ सालचा, कलांतियाव नावाच्या सरदाराचा कायदा होता. स्पॅनिश राज्य येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी आमच्याकडे लेखी कायदा होता! लोक हरखून गेले. शाळेच्या पुस्तकांत तो छापला गेला. त्यातील शिक्षा अत्यंत क्रूर होत्या, पण अभिमानाच्या भरात तिकडे कोणी फारसे पाहिले नाही.

विल्यम हेन्री स्कॉट हे अमेरिकन मिशनरी तेथे राहून अध्यापन करीत. १९६८ साली मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी हा कायदा बनावट असल्याचे दाखवून दिले. त्यांची रीत कारकुनाला लगेच पटावी अशी आहे. कागद कोठून आला? त्याआधी कोणाच्या ताब्यात होता? प्रत्येक धागा मार्कोपाशी येऊन थांबत होता, मागे जात नव्हता. हस्तलिखित १८३८ सालचे आणि अर्पण केलेले स्पेनच्या राजाला. पण त्या साली स्पेनच्या गादीवर राजा नव्हताच, इसाबेला ही आठ वर्षांची राणी होती. मजकुरात तापाच्या 'मायक्रोब'चा उल्लेख, आणि तो शब्दच मुळी तयार झाला १८७८ साली. आमच्या कचेरीत असा दाखला आला असता तर पहिल्याच टेबलावर अडला असता!

तरीही १९७१ साली मार्कोस सरकारने याच कलांतियावच्या नावाने सन्मान सुरू केला. तेथील राष्ट्रीय इतिहास संस्थेने या कायद्याला ऐतिहासिक आधार नसल्याचे जाहीर केले ते २००४ साली. खोटे निघाले की सोडून देणे समाजाला किती जड जाते, ते यावरून कळावे.

आणि खरा पुरावा? तो नदीच्या वाळूत पडून होता. १९८९ च्या सुमारास लागुना प्रांतात वाळू उपसताना एक छोटा ताम्रपट निघाला. आंतून पोस्टमा या डच अभ्यासकाने तो वाचला. त्यावरील काळ आहे शक ८२२, म्हणजे इसवी सन ९००. पैठणच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला शक म्हणजे काय हे सांगायला नको. तिथी आपल्या पंचांगाच्या भाषेत वैशाख वद्य चतुर्थी, वार सोमवार. मजकुरात 'सेनापती' हा शब्दही आहे. ना राजाची स्तुती, ना कोणाला शिक्षा. नामवरन नावाच्या माणसावरील सोन्याचे कर्ज फिटले, त्याच्या मुलांवर आणि पुढच्या वंशजांवर कोणाचा हक्क राहिला नाही, अशी ती फारकत आहे. ती घेणारी नामवरनची मुलगी आहे, तिचे नाव अंगकतान. कर्जापायी पिढ्या गहाण पडलेल्या घरांतील माणसाला हा ताम्रपट त्या बनावट कायद्याहून शंभरपट मोठा वाटेल.

फिलिपाइन्स विद्यापीठातील प्राध्यापक झेउस सालाझार यांनी या सर्वामागचे दुखणे नेमके सांगितले. त्यांच्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' यांना वेगळे शब्द आहेत, 'कामी' आणि 'तायो'. इंग्रजीत ही सोय नाही, हिंदीतही नाही, मराठीत आहे! म्हणून त्यांचा विचार आपल्याला एका वाक्यात कळतो. रिझालच्या पिढीने 'आमचा' इतिहास लिहिला, परक्याला तोंड देण्यासाठी, परक्याच्या भाषेत. आता 'आपला' इतिहास लिहायचा, आपल्या भाषेत, एकमेकांना सांगण्यासाठी. 'आम्ही' म्हणून लिहिताना समोरच्याला दिपवायचे असते, तेथे कलांतियाव लागतो. 'आपण' बोलताना तो लागत नाही.

रेनाल्डो इलेटो यांनी १९७९ च्या ग्रंथात तर शेतकरी, मजूर यांनी उपासाच्या आठवड्यात गायलेली ख्रिस्ताच्या यातनांची गाणी साधन म्हणून वापरली आणि गरिबांनी क्रांतीचा अर्थ कसा लावला ते शोधले. आपल्याकडे जलशांच्या वह्यांना हा मान कितीसा मिळाला?

याचा अर्थ आपल्याकडे काही झाले नाही असा नाही. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी जेथे थेट पुरावा नाही तेथे अनुमान केल्याचे प्रस्तावनेत स्वतःच सांगून ठेवले. एलिनॉर झेलिएट यांनी आंबेडकर चळवळीवर १९६९ साली अमेरिकेत प्रबंध सादर केला. आणि आपल्याच छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेत, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले, तेही मराठीतून. सालाझार यांच्या 'आपण'ला याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

मात्र घरोघरी काय चालले आहे ते पाहावे. वडीलधारी माणसे गेली की 'अस्मितादर्श'चे जुने अंक, मिलिंद महाविद्यालयाची वार्षिके, नामांतराच्या मोर्चाची पत्रके, गायकांच्या वह्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. स्कॉट यांना जे प्रश्न विचारावे लागले तेच उद्या आपल्या कागदांना विचारले जातील. म्हणून एक काम रविवारच्या वंदनेनंतर विहारात बसूनही करता येईल. प्रत्येक जुन्या फोटोच्या व कागदाच्या मागे शिसपेन्सिलीने लिहावे: कोणाच्या घरातून आला, कोणी दिला, कोणत्या तारखेला. फोटोतील माणसांची नावे डावीकडून उजवीकडे. स्त्रियांची नावेही पूर्ण लिहावीत, 'सौ.' लिहून भागवू नये. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असे लिहावे, अंदाजाने साल घालू नये.