शांततेसाठी... शांत!

क्वेकर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ब्रेकफास्टच्या ओट्सचा डबा आणि त्यावरचे हॅटवाले हसरे आजोबा! गंमत म्हणजे त्या ओट्सचा खऱ्या क्वेकर लोकांशी काडीचाही संबंध नाही. नाव तेवढं उचललेलं. खरे क्वेकर ओळखले जातात ते वेगळ्याच गोष्टीसाठी. देश युद्धावर निघाला की हे लोक रस्त्यावर येतात आणि... गप्प उभे राहतात.

बस्स, एवढंच.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? आपल्याकडे मोर्चा म्हणजे घसा बसलाच पाहिजे. २००८ मध्ये २६/११ नंतर मुंबईकर मेणबत्त्या घेऊन गेटवेला जमले, तिथेही घोषणा होत्याच. आणि अन्याय दिसत असताना गप्प राहणं म्हणजे तर मूग गिळून बसणं! क्वेकरांचा फंडा नेमका उलटा आहे.

मुळात यांची प्रार्थनाच तशी. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या मागे जे लोक जमले, त्यांनी पाद्री आणि कर्मकांड दोन्ही बाजूला ठेवलं. जुन्या पद्धतीच्या क्वेकर सभेत आजही तासभर नुसतं शांत बसायचं असतं. कुणाला आतून अगदी बोलावंसं वाटलंच, तर त्याने उभं राहून थोडक्यात बोलायचं. त्यावर ना वाद, ना वाहवा. १६६१ च्या जानेवारीत (तेव्हाच्या इंग्लिश कॅलेंडरप्रमाणे १६६०) त्यांनी राजा दुसरा चार्ल्स याला लेखी कळवून टाकलं, की कुठल्याही कारणासाठी आम्ही शस्त्र उचलणार नाही. सोमवारचं मौन पाळणाऱ्या गांधीजींची यांच्याशी गट्टी जमली, यात नवल ते काय? मार्जोरी सायक्स या क्वेकर बाई तर आपल्या वर्ध्याला, सेवाग्राममध्ये, नयी तालीमच्या कामासाठी येऊन राहिल्या होत्या.

युद्धाच्या काळातला क्वेकरांचा ‘व्हिजिल’ म्हणजे हीच प्रार्थना, फक्त खोलीतून उचलून फुटपाथवर आणलेली. वार आणि वेळ ठरलेली. फार तर एखादा बोर्ड. कुणी शिव्या घातल्या तरी उलट उत्तर द्यायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड असणार, असं मला वाटतं. सिग्नलला मागच्याने हॉर्न दिला तरी आपलं डोकं फिरतं!

त्या जाहीरनाम्याला तीनशे वर्षं झाली म्हणून १९६० च्या नोव्हेंबरमध्ये जवळपास हजार क्वेकर पेंटॅगॉनबाहेर असेच मूकपणे उभे राहिले होते. पण मला जास्त भिडतो तो १९६९ चा प्रसंग. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं. त्या एप्रिलपर्यंत तिथे ३३ हजारांवर अमेरिकन सैनिक मेले होते. क्वेकरांच्या एका गटाने वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्या गाठल्या आणि मेलेल्यांची नावं वाचायला सुरुवात केली. भाषण नाही, आरोप नाही. एक नाव, मग पुढचं नाव. ही यादी काही कुठून चोरून आणलेली नव्हती. ती संसदेच्याच कामकाजाच्या छापील नोंदीत आलेली होती. तरी पोलिसांनी त्यांना अटक केली. पुढच्या आठवड्यात लोक पुन्हा हजर, पुन्हा अटक! शेवटी जॉर्ज ब्राउन यांच्यासारखे काही खासदारच पायऱ्यांवर येऊन नावं वाचायला लागले. आता खासदाराला कोण उचलणार?

जरा हिशेब करा. एका नावाला चार सेकंद धरले, तरी ३३ हजार नावांना छत्तीस तासांहून जास्त लागतात. पेपरातला आकडा आपण एका सेकंदात वाचून पान उलटतो. नावं मात्र ऐकावी लागतात. एक गोष्ट मात्र खटकतेच. त्या यादीत एकही व्हिएतनामी नाव नव्हतं.

पुढे इराक युद्धाच्या वेळी ती उणीव थोडी भरून निघाली. २००४ च्या जानेवारीत शिकागोमध्ये अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी या क्वेकर संस्थेने मेलेल्या प्रत्येक अमेरिकन सैनिकामागे बुटांचा एक जोड मांडला. तेव्हा ५०४ जोड होते. मग हे प्रदर्शन गावोगाव फिरलं, तसे बूट वाढतच गेले. त्यांच्या सोबत इराकी नागरिकांसाठी साधी पायताणंही मांडलेली होती. चपला, बायकांचे बूट, लहान मुलांचे बूट.

पण युद्ध थांबतं का हो यानं?

खरं सांगायचं तर व्हिएतनाम १९७५ पर्यंत चाललं. इराकचंही तेच, वर्षानुवर्षं. हे लोक नुसतेच उभे राहतात असंही नाही. दोन महायुद्धांत आणि नंतर त्यांनी उपाशी माणसांना जेवू घातलं, त्यासाठी त्यांच्या दोन संस्थांना १९४७ चं शांततेचं नोबेल मिळालं. पोटाला अन्न दिलं तर त्याचा हिशेब लागतो. फुटपाथवरच्या तासाचा कसा लावणार?

फोर्ट डेट्रिकचंच बघा ना. मेरीलँडमधला हा लष्करी तळ म्हणजे रोगजंतूंची अस्त्रं बनवण्याच्या संशोधनाचं ठिकाण. लॉरेन्स स्कॉट या क्वेकर कार्यकर्त्याच्या पुढाकाराने १९५९ च्या जुलैपासून सुमारे पावणेदोन वर्षं लोक त्याच्या गेटबाहेर उभे राहिले. आत कामाला जाणाऱ्यांना येता-जाता ते दिसायचे. १९६१ मध्ये व्हिजिल संपला, तळ होता तिथेच होता. मग १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केलं, की अमेरिका जैविक अस्त्रं सोडून देत आहे. गेटबाहेरच्या त्या माणसांमुळे? तसं म्हणणं भाबडेपणाचं होईल. निक्सनकडे त्यांची स्वतःची लष्करी गणितं होती. पण आठ वर्षांपूर्वी त्या गेटमधून रोज गाडी आत नेणाऱ्यांपैकी कुणाला ते चेहरे त्या दिवशी आठवले असतील का, हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जात नाही.

क्वेकरांची सभा संपते तीही शांतपणेच. तास झाला की दोघं जण हात मिळवतात, मग बाकीचे आपापल्या शेजाऱ्याशी. फुटपाथवर असतील तर बोर्ड काखेत मारायचा आणि घरी जायचं. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी.