'कोसला'तील मनी

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. तेव्हापासून तिच्यावरची बहुतेक चर्चा पांडुरंग सांगवीकरभोवती फिरत आली आहे. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला, पैसे उधळणारा, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या शब्दांनी प्रत्येक गंभीर गोष्टीतली हवा काढून घेणारा आणि शेवटी गावी परतणारा हा तरुण मराठी कादंबरीला नवा होता. त्यामुळे तसे होणे स्वाभाविकच. त्याची धाकटी बहीण मनी मात्र थोड्याच पानांत येते आणि देवीच्या आजाराने मरते. तरीही 'कोसला' वाचून वर्षे लोटलेल्या वाचकाला विचारावे, तर मेसचे हिशेब विसरलेले असतात, मनी आठवत असते.

असे का व्हावे? मनीच्या मृत्यूपर्यंत पांडुरंगाचा नकार बराचसा खेळकर आहे. कॉलेज, वसतिगृह, वक्तृत्व, संमेलने यांतला पोकळपणा तो दाखवतो आणि आपण हसतो. ज्या गोष्टींना तो नाकारतो त्या मुळात त्याच्या जिवाच्या नसतात. मनी तशी नाही. तिच्या मरणापुढे 'वगैरे' म्हणून बाजूला होता येत नाही. म्हणूनच इथे निवेदनाचा सूर पालटतो. टवाळी थांबते, वाक्ये शोकाच्या लयीत येऊ लागतात. जगात अर्थ नाही असे सहज म्हणणाऱ्या मुलाला ते खरेच तसे असेल तर काय, हा प्रश्न पहिल्यांदा अंगावर येतो. अजिंठ्याच्या प्रसंगात बुद्धासमोर उभ्या राहिलेल्या पांडुरंगाचे दुःख पुस्तकी वाटत नाही, ते यामुळेच.

'कोसला'ची तुलना सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या कादंबरीशी अनेकदा झाली आहे. ती सहसा दोन्ही नायकांच्या बोलण्याच्या ढंगापाशी थांबते. बहिणींची तुलना अधिक काही सांगते. होल्डन कॉलफिल्डचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेलेला आहे, पण दहा वर्षांची बहीण फीबी जिवंत आहे. ती भावाशी भांडते, तुला काहीच कसे आवडत नाही म्हणून त्याला कोंडीत पकडते, त्याच्याबरोबर पळून जायला बॅग भरून येते, आणि तिच्यामुळेच त्याचे पळून जाणे टळते. नेमाड्यांनी पांडुरंगाला अशी फीबी ठेवलेली नाही. जिच्यासाठी थांबावे, ती धाकटी बहीणच इथे मरते. भावाला खडसावण्याइतके मोठे होण्याची सवड मनीला मिळत नाही. दोन्ही कादंबऱ्यांच्या शेवटांमधला फरक या एका गोष्टीपाशी येऊन पोचतो.

मनीच्या मृत्यूचे कारणही नीट पाहायला हवे. अस्तित्ववादाच्या अंगाने 'कोसला' वाचणाऱ्यांना तो मृत्यू विश्वाच्या निरर्थकतेचा पुरावा वाटतो. पण देवी हा आजार विश्वाने लादलेला अटळ भोग नव्हता. त्यावरची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी, मुंबईत, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. म्हणजे 'कोसला' लिहिली गेली तेव्हा ही लस आपल्याकडे येऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली होती. तरीही खेड्यापाड्यांतली मुले देवीने मरत होती. देवीनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली, कादंबरीच्या आदल्या वर्षी, सुरू झाला. १९७५ नंतर देशात रुग्ण सापडला नाही, १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि १९८० मध्ये सगळे जग.

आपल्या भाषेतही ही ओढाताण दिसते. आजार झाला की 'देवी आल्या' म्हणायचे, घरात फोडणी द्यायची नाही, कडुलिंबाचा पाला ठेवायचा. आणि लस द्यायची त्याला 'देवी काढणे' म्हणायचे. एकच शब्द आजारालाही, त्यावरच्या उपायालाही. मनी या दोहोंच्या मधल्या काळातली मुलगी आहे. तिच्या मरणामागे निरर्थकता असेलही, पण त्या निरर्थकतेला गाव आहे, सन आहे.

एक आक्षेप इथे घ्यायला हवा. पुरुषाला शहाणे करण्यासाठी कादंबरीकाराने एक मुलगी मारली, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. मनीला स्वतःची इच्छा, स्वतःची गोष्ट जवळजवळ नाही. जे आहे ते भावाच्या डोळ्यांतून आलेले. इतकेच नव्हे, शोक करताना पांडुरंगाला आठवते ते तिच्याबरोबर गेलेले चिमुकले गर्भाशय आणि त्यातून जन्मू शकणारी माणसे. लहान मुलीची किंमत तिच्या भावी मातृत्वात मोजण्याची ही जुनी सवय बंडखोर नायकालाही सुटलेली नाही.

पण याच प्रतिमेचा दुसराही पदर आहे. घराणे, वंश, शेतीवाडी, वडिलांनी उभारलेला संसार यांच्याशी पांडुरंग कादंबरीभर झगडत राहतो आणि शेवटी त्याच घरात परततो. त्या न संपणाऱ्या साखळीतून सुटते ती फक्त मनी, तीही स्वतः न ठरवता. भावाला तिचे जाणे एकाच वेळी असह्य आणि काहीसे हेवा वाटण्याजोगे वाटत असावे. हा हेवा करण्याची चैन पांडुरंगाला परवडते, कारण त्याला पुढे जगायचे आहे. मनीला ती निवड कोणी दिलेली नव्हती. पुढच्या वेळी 'कोसला' हाती घ्याल तेव्हा ती पाने पांडुरंगाकडे न बघता वाचून पाहावीत. तिथे काय लिहिले आहे, याइतकेच मनीबद्दल काय लिहायचे राहून गेले आहे, तेही दिसू लागेल.