‘ॲटनबरो’ : एका विरळ इंग्रजी कुलनामाची व्युत्पत्ती व भौगोलिक प्रसार

मराठी वाचकांस ‘ॲटनबरो’ हे आडनाव प्रामुख्याने दोन बंधूंमुळे परिचित आहे. ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो हे त्यांपैकी एक, व निसर्गविषयक दूरचित्रवाणी-मालिकांचे कर्ते डेव्हिड ॲटनबरो हे दुसरे. दोघांच्या कीर्तीमुळे हे नाव जगभर पोहोचले असले, तरी खुद्द इंग्लंडात ते विरळच आहे. स्मिथ, जोन्स किंवा टेलर या नावांप्रमाणे ते गावोगावी आढळत नाही. अशा विरळ कुलनामाचा उगम कोठे झाला, ते कोणत्या प्रदेशात रुजले आणि ते धारण करणारी माणसे परस्परांची भाऊबंद आहेत किंवा काय, हे प्रश्न वरवर केवळ कौतुकाचे वाटतात. परंतु शब्द, नकाशा व वंश या तीन निरनिराळ्या स्वरूपाच्या पुराव्यांचा मेळ कसा घालावयाचा, आणि त्यांपैकी प्रत्येकावर किती विसंबावयाचे, याचा विचार करण्यास हे एक नाव पुरेसे आहे.

ॲटनबरो याच नावाचे एक गाव इंग्लंडच्या मध्य भागातील नॉटिंगहॅमशायर परगण्यात आहे. नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येस चार-पाच मैलांवर, ट्रेंट नदीच्या काठी ते वसलेले आहे. क्रॉमवेलचा जामात व सेनानी हेन्री आयर्टन याचा जन्म १६११ साली येथेच झाला. स्थलनामांचे अभ्यासक या गावाच्या नावाची फोड ‘ॲडा’ (किंवा तत्सम) हे व्यक्तिनाम, ‘इंग’ हा संबंधदर्शक प्रत्यय व ‘बुर्ह’ हे नाम अशी करतात. ‘बुर्ह’ या प्राचीन इंग्रजी शब्दाचा अर्थ तटबंदी असलेले स्थान असा होतो. अर्वाचीन इंग्रजीतील ‘बरो’ हा शब्द त्याचाच वंशज होय. मात्र येथे तट म्हणजे नगरकोटच समजण्याचे कारण नाही. राजा आल्फ्रेड (राज्यकाल ८७१–८९९) याच्या कायद्यात दुसऱ्याच्या ‘बुर्ह’चे कुंपण भेदून आत शिरणाऱ्यास दंड सांगितला आहे, आणि तो घरधन्याच्या दर्जाप्रमाणे चढत जाऊन राजाच्या ‘बुर्ह’साठी १२० शिलिंगांवर पोहोचतो. यावरून एखाद्या मातबर पुरुषाच्या कुंपणबंद वाड्यासही हा शब्द लागत असे, हे उघड आहे. ‘ॲडाचा कोट’ किंवा ‘ॲडाचा वाडा’ असा गावाच्या नावाचा अर्थ त्यामुळे सयुक्तिक ठरतो.

आडनाव गावावरून पडले असे म्हणून हा विषय येथेच संपविता आला असता. परंतु ‘ॲटनबरो’ या शब्दाची आणखी एक फोड संभवते, आणि ती अधिक आकर्षक आहे. मध्ययुगीन इंग्रजीत मनुष्याची ओळख त्याच्या घराजवळील खुणेवरून सांगण्याची पद्धत होती. ‘ओढ्यापाशी राहणारा’, ‘वनापाशी राहणारा’ अशा या ओळखी ‘ॲट’ (पाशी) या शब्दयोगी अव्ययाने सुरू होत. ॲटवुड, ॲटवेल, ॲटवॉटर ही आडनावे अशीच बनली. त्या न्यायाने ‘ॲटन’ म्हणजे ‘पाशी’ व ‘बरो’ म्हणजे ‘तटबंदीचे ठिकाण’, म्हणून ॲटनबरो म्हणजे ‘कोटापाशी राहणारा’, असा अर्थ निघतो. हा अर्थ खरा मानला, तर नॉटिंगहॅमशायरमधील गावाशी आडनावाचा संबंध राहत नाही. ज्या ज्या गावाजवळ जुना कोट असेल, तेथे तेथे हे नाव स्वतंत्रपणे निर्माण झाले असले पाहिजे.

या दोन व्युत्पत्तींतून निवड करताना व्याकरणाचे साहाय्य होते. मराठीप्रमाणेच प्राचीन इंग्रजीतही नामांस तीन लिंगे होती, व दर्शक सर्वनामाचे रूप लिंगानुसार पालटत असे. ‘ॲट’ या अव्ययानंतर पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामापूर्वी ‘थॅम’ आणि स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘थॅरे’ असे रूप येई. पुढे उच्चार झिजून पहिल्याचे ‘ॲट्टेन’ व दुसऱ्याचे ‘ॲट्टर’ झाले. ‘ॲश’ या वृक्षाचे नाव पुल्लिंगी. म्हणून ‘ॲट्टेन ॲश’ असे म्हटले जाई, आणि त्यातील ‘न’कार पुढील शब्दास चिकटून ‘नॅश’ हे आडनाव जन्मास आले. उलटपक्षी, बेट या अर्थाचा जुना शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘ॲट्टर’मधील ‘र’कार त्यास चिकटला व ससेक्समधील ‘राय’ या गावाचे नाव सिद्ध झाले. लिंगव्यवस्था इंग्रजी भाषेतून लोपली. तिच्या खुणा मात्र अशा नावांच्या आरंभीच्या एकेका व्यंजनात शिल्लक राहिल्या.

आता ‘बुर्ह’ हे नाम स्त्रीलिंगी आहे. ‘कोटापाशी राहणारा’ या अर्थाचे नियमित रूप ‘ॲट्टर’नेच सुरू व्हावयास हवे, आणि असे आडनाव इंग्रजीत प्रत्यक्ष विद्यमान आहे. ते म्हणजे ‘ॲटरबरी’. रॉचेस्टरचे बिशप फ्रान्सिस ॲटरबरी (१६६३–१७३२) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दुसरा आक्षेप ध्वनीचा. ‘ॲट्टेन’मधील अंत्य ‘न’कार सामान्यतः स्वरापूर्वी टिके व व्यंजनापूर्वी गळून जाई. ॲटवुड, ॲटवेल यांत तो गळालाच आहे. ‘बरो’च्या आरंभी व्यंजन असताना ‘न’कार टिकून राहावा, हे नियमास धरून नाही. लिंग व ध्वनी या दोन्ही कसोट्यांवर ‘कोटापाशी’ ही व्युत्पत्ती दुबळी ठरते.

तथापि येवढ्यावर निर्णय देणे घाईचे होईल. लिंगभेदाचे नियम बाराव्या-तेराव्या शतकांत शिथिल होत होते, आणि इंग्लंडच्या उत्तर व मध्य भागांत ते दक्षिणेपेक्षा अगोदर मोडले. त्या काळच्या लेखनिकाने ‘ॲट्टर’ऐवजी ‘ॲट्टेन’ लिहिणे अशक्य नव्हते. शिवाय गावाच्या नावातील मूळ ‘ड’काराचा ‘ट’कार झाला, यामागे ‘ॲट’ने सुरू होणाऱ्या नावांशी असलेल्या सादृश्याचा प्रभाव असणे संभवते. लोक अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा साज चढवितात, ही लोकव्युत्पत्तीची नेहमीची रीत आहे. म्हणून शब्दाच्या साक्षीस नकाशाची जोड देणे अवश्य ठरते.

स्थलवाचक आडनावांविषयी एक गोष्ट मराठी वाचकास सांगावी लागत नाही. चिपळुणात राहणाऱ्या मनुष्यास चिपळुणात कोणी चिपळूणकर म्हणत नाही. तो गाव सोडून अन्यत्र गेला म्हणजे ते नाव त्यास चिकटते. इंग्लंडातही हेच घडले. वंशपरंपरागत आडनावांची प्रथा तेथे १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर प्रथम जमीनदार वर्गात रुजली, आणि दक्षिण व मध्य भागांतील बहुसंख्य कुटुंबांत सुमारे १४०० पर्यंत ती स्थिर झाली. त्या काळात सामान्य मनुष्याचे स्थलांतर बहुधा थोड्या मैलांचे असे. म्हणून गावावरून पडलेले आडनाव त्या गावात नव्हे, तर त्याच्या आसमंतात दाट आढळावे, अशी अपेक्षा करता येते.

आडनावांच्या प्रसाराचा पद्धतशीर अभ्यास हेन्री ब्रूम गपी यांनी सुरू केला. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी परगण्यांच्या व्यापारी निर्देशिकांतून केवळ शेतकऱ्यांची नावे निवडून मोजली. कारण सर्व वर्गांत शेतकरी हाच जागेस सर्वाधिक धरून राहणारा, असे त्यांचे गृहीत होते. पुढे १८८१ च्या जनगणनेच्या याद्या संगणकावर उपलब्ध झाल्या, तेव्हा संपूर्ण लोकसंख्येचे नकाशे काढता येऊ लागले. त्या नकाशात ॲटनबरो या नावाचा मुख्य पुंजका नॉटिंगहॅमशायर व लगतचा डर्बीशायर या भागात दिसतो. दुसरा पुंजका लंडनचा. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गहाणवटीच्या धंद्यात ॲटनबरो हे नाव सुप्रसिद्ध होते. परंतु राजधानी सर्वच परगण्यांतील नावे आपल्याकडे ओढून घेते. म्हणून लंडनच्या आकड्यांवरून उगमाविषयी अनुमान काढता येत नाही. उपरिनिर्दिष्ट दोन बंधूंचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्ड येथे झाला. हे ठिकाण ॲटनबरो गावापासून अवघ्या तीनेक मैलांवर आहे. देशभर सर्वत्र असणाऱ्या ‘कोटां’वरून हे नाव पडले असते, तर ते असे एका नदीच्या खोऱ्यात गोळा झालेले दिसते ना.

नकाशाच्या साक्षीसही मर्यादा आहेत. १८८१ चा नकाशा नामकरणानंतर सुमारे पाच शतकांनी काढलेला आहे. मधल्या काळात १३४८–४९ च्या महामारीत इंग्लंडची निदान एक तृतीयांश लोकसंख्या नष्ट झाली. त्याखेरीज पुत्रसंतान नसल्यामुळे नाव खुंटण्याची क्रिया अखंड चालूच असते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली हा प्रश्न गणितज्ञांपुढे मांडला, व पुढील वर्षी हेन्री वॉटसन यांच्यासह त्याची उकल प्रसिद्ध केली. एखादे नाव आरंभी दहा ठिकाणी दहा घराण्यांनी घेतले असले, तरी नऊ घराणी केवळ योगायोगाने निर्वंश होऊन एकच उरू शकते. मग नकाशावर एकच पुंजका दिसतो, आणि मूळ पुरुषही एकच होता असा भास होतो.

तिसरी साक्ष वंशाची. आडनाव ज्याप्रमाणे पित्याकडून पुत्राकडे जाते, त्याचप्रमाणे पुरुषाच्या पेशीतील ‘वाय’ हे गुणसूत्रही पित्याकडूनच पुत्रास मिळते. एकाच आडनावाच्या पुरुषांची ही गुणसूत्रे जुळली, तर ते एका मूळ पुरुषाचे वंशज असल्याचे सिद्ध होते. लेस्टर विद्यापीठातील ट्युरी किंग व मार्क जोब्लिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. आडनाव जितके विरळ, तितके ते धारण करणाऱ्यांचे रक्ताचे नाते निकट, असा सामान्य नियम तीतून निघाला. स्मिथ नावाच्या दोन पुरुषांत यदृच्छेहून अधिक नाते आढळले नाही. ॲटनबरोंपैकी मात्र ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांची गुणसूत्रे एकसारखी किंवा जवळजवळ एकसारखी होती. आजचे बहुसंख्य ॲटनबरो एकाच पुरुषाचे वंशज आहेत, हे यामुळे निश्चित झाले.

परंतु यावरून ‘गावाचीच व्युत्पत्ती खरी’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो फसेल. ‘साइक्स’ हे आडनाव उत्तरेकडील बोलीत लहान ओढ्यास म्हणतात त्या शब्दावरून आलेले. ओढे सर्वत्र असल्याने त्याचे मूळ पुरुष अनेक असावेत, अशी समजूत होती. ब्रायन साइक्स व कॅथरिन अर्व्हेन यांनी २००० साली ४८ साइक्सांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा २१ जणांत एकच गुणसूत्र-प्रकार आढळला. म्हणजे खुणेवरून पडलेल्या नावातही एका वंशाचे प्राबल्य असू शकते. किंग व जोब्लिंग यांसही आडनावाच्या व्युत्पत्तिप्रकाराचा वंशसाम्यावर परिणाम झालेला दिसला नाही, आणि आजच्या गुणसूत्रांवरून सातशे वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषांविषयी फारसे विश्वसनीय अनुमान करता येत नाही, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. उरला कोण, हे गुणसूत्र सांगते. नाव कोणत्या शब्दावरून पडले, हे ते सांगू शकत नाही. तो निर्णय अखेर ‘न’काराचा व ‘र’काराचाच आहे.

वंशाची साक्ष आणखी एका भ्रमाचे निरसन करते. विरळ व अस्सल स्थानिक आडनाव म्हणजे शुद्ध स्थानिक रक्त, असे मानण्याकडे अनेकांचा कल असतो. २००७ साली पूर्व यॉर्कशायरमधील एका विरळ आडनावाचे १८ पुरुष तपासण्यात आले, तेव्हा त्यांतील ७ जणांत केवळ आफ्रिकेतच आढळणारा गुणसूत्र-प्रकार मिळाला. कागदपत्रांवरून त्यांच्या दोन वंशावळी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यॉर्कशायरपर्यंत नेता आल्या, आणि त्यांचा समान पूर्वज त्याहूनही काही पिढ्या आधीचा ठरला. शिवाय दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येक मनुष्यास १,०२४ पूर्वजांची स्थाने मोजावी लागतात. त्यांपैकी आडनाव देणारा एकच. उरलेल्या १,०२३ जणांविषयी आडनाव मौन पाळते.

ॲटनबरो या नावाविषयी तिन्ही साक्षी एकाच दिशेस बोट दाखवितात. व्याकरण ‘कोटापाशी’ या अर्थास प्रतिकूल आहे. नकाशा ट्रेंटच्या खोऱ्याकडे नेतो. आणि वंश एका पुरुषाचे प्राबल्य दर्शवितो. एकेकटी साक्ष संशयास्पद असली, तरी तिन्ही परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळे त्यांच्या एकवाक्यतेस वजन येते. ट्रेंटकाठच्या गावातून कोणी एक मनुष्य बाहेर पडला, शेजारच्या वस्तीत स्थायिक झाला, आणि त्याच्या घराण्याने ते नाव पुढे चालविले, हेच या आडनावाचे सर्वांत संभाव्य वृत्त होय.

याच नावाच्या एका विद्वानाचा या अभ्यासाशी निकटचा संबंध आहे. फ्रेडरिक ॲटनबरो हे स्वतः प्राचीन इंग्रजीचे जाणकार होते, व आल्फ्रेडसह आद्य इंग्लिश राजांच्या कायद्यांची भाषांतरासह आवृत्ती त्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केली. ‘बुर्ह’ भेदणाऱ्याचा वर उल्लेखिलेला दंड तीत आहेच. १९३२ ते १९५१ या काळात ते लेस्टर येथील युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९४८ साली, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा विभाग निघाला. १९६५ पासून इंग्लिश आडनावांची परगणावार पाहणी याच विभागाने हाती घेतली. विरळ आडनावांचा अभ्यास कोणत्या रीतीने करावा, याचा धडा त्या पाहणीने घालून दिला : आधी त्या परगण्याची जुनी दप्तरे वाचावीत, आणि मगच शब्दाचा अर्थ सांगावा.