आपलं डिझेल, आपला पाना (भाग 6) : हीटर प्लग सोडवताना

मागच्या भागात आपण डिझेल फिल्टर बदलला. त्या कामात चुकलं तरी हात काळे होण्यापलीकडे फारसं बिघडत नाही. हीटर प्लगचं तसं नाही. नवा प्लग बसवायला पाच मिनिटं पुरतात, पण जुना सोडवताना मोडला तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते. म्हणून आजचा भाग बराचसा सोडवण्याबद्दलच आहे.

हीटर प्लग ठिणगी टाकत नाही. डिझेल इंजिनात पिस्टन हवा इतकी दाबतो की ती 500-600 अंशांपर्यंत तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. इंजिन गार असलं की ही उष्णता धातूच पिऊन टाकतो. टाटा इंडिकाचं जुनं 1405 सीसी इंजिन घ्या. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता हेडमधल्या एका लहानशा कप्प्यात फवारलं जातं. कप्पा लहान, त्यामानाने भिंती जास्त, त्यामुळे उष्णता झपाट्याने पळते. अशा इंजिनाला गार सकाळी हीटर प्लगवाचून गत्यंतर नाही. प्लगच्या नळीत तारेचं वेटोळं असतं, त्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते, आणि टोक काही सेकंदांत 800 अंशांच्या वर जाऊन लालबुंद होतं. विहिरीवरच्या जुन्या हँडलच्या इंजिनाला असले लाड नव्हते. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल जोरात फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा.

मुंबईत किंवा पणजीत एखाददुसरा प्लग मेला तरी गाडी सुरू होते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. निफाडकडे पारा 5-6 अंशांवर उतरला की मात्र पितळ उघडं पडतं. स्टार्टर फिरतच राहतो, इंजिन थरथरत उठतं आणि सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो. ते न जळलेलं डिझेल. इंजिन तापलं की सगळं सुरळीत होतं. तापल्यावरही धूर थांबला नाही, तर प्लगला दोष देऊ नका.

दुकानात जाण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. चारही प्लगना जोडणारी एक पट्टी असते. ती काढल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही, कारण चौघांचं एकत्रित माप दिसतं आणि मेलेला प्लग त्यात लपून जातो. पट्टी काढा, मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून वायरींचाच रोध किती दिसतो ते बघा, मग एक टोक प्लगच्या माथ्यावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. वायरींचा रोध वजा जाता साधारण 1 ओहमच्या आसपास आकडा आला तर वेटोळं शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग तुटलाय. चारही चांगले निघाले तर रिले, फ्यूज आणि बॅटरी तपासा. चांगले प्लग भंगारात टाकून नवे बसवणारे आणि तरीही सकाळी धक्का मारणारे लोक कमी नाहीत.

आता सोडवणं. आदल्या संध्याकाळी प्रत्येक प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी फिरवून आणा, कारण गरम हेडमधून प्लग सोडवणं सोपं जातं. मग इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्लगभोवतीची धूळ हवेने उडवा, नाहीतर ती भोकातून सरळ सिलिंडरमध्ये जाईल. खोल गोटी आणि आखूड दांडा घ्या. लांब दांडा घेतलात की जोर किती लागतोय ते हाताला कळत नाही. 10 मिलिमीटर आट्यांचा प्लग 35 न्यूटन-मीटरच्या पुढे मोडू शकतो, म्हणून टॉर्क पाना असेल तर तोच वापरा. पाव फेरा सैल करा, पुन्हा थोडा घट्ट करा, परत तेल मारा, परत सैल करा. पापड लाटणाऱ्या हाताचा संयम इथे लागतो. कुरकुर आवाज येत सरकतोय तोवर ठीक आहे. न सरकता दांड्याला रबरासारखा पीळ जाणवला की तिथेच थांबा आणि गाडी गॅरेजला न्या. मोडलेला प्लग ड्रिल करून काढायचे पैसे चार नव्या प्लगपेक्षा कितीतरी जास्त जातात.

बसवायला वेळ लागत नाही. भोकातला काजळीचा थर ग्रीस लावलेल्या रीमरने हलक्या हाताने काढा, प्लग आधी बोटांनीच फिरवा, मग 15 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. माथ्यावरची नट त्याहून कितीतरी हलकी आवळायची. एकच मेला असला तरी चारही बदललेले बरे, बाकीचेही त्याच वयाचे असतात. नव्या कॉमन रेल गाड्यांत मात्र कमी व्होल्टचे प्लग असू शकतात आणि कंट्रोल युनिट त्यांना मोजून वीज देतं. तसला प्लग तपासायला थेट बॅटरीला जोडलात तर डोळ्यांदेखत जळेल. आणि गाडी उठत नाही म्हणून हवेच्या नळीत ईथरचा स्प्रे मारणं तर साफ बंद. तापलेल्या प्लगला तो लागला तर आत स्फोट होतो.

काढलेले प्लग लगेच फेकू नका, सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडा. टोकावर काळी काजळी नेहमीचीच. टोक फुगलेलं किंवा वितळलेलं असेल तर रिले अडकून प्लग जास्त वेळ तापत राहिला असावा, किंवा त्या सिलिंडरचा नोझल नीट न फवारता डिझेल टपकवतोय. दुसरी शक्यता असेल तर नवा प्लगही फार टिकणार नाही. तेव्हा पुढच्या आठवड्यात नोझल.