टाकीविना गिझर: लहरीपुऱ्यातल्या घराला चालेल का?

बडोद्यात लहरीपुरा दरवाज्यातून आत मांडवीकडे जाताना आजूबाजूच्या पोळांत, म्हणजे गल्ल्यांत, जी जुनी घरे लागतात, ती अरुंद, उंच आणि शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभी असतात. न्हाणीघर बहुधा नंतर काढलेले, जिन्याखाली नाहीतर मागच्या चौकाच्या कोपऱ्यात. तिथे पंधरा लिटरचा गिझर टांगायचा तर डोके आपटते. म्हणून छोटासा ‘इन्स्टंट’ पाहिला की मन तिकडे ओढते. दुकानदारही सांगतो की टाकीची भानगड नाही, वीज वाचते आणि गरम पाणी अखंड येते. तिन्ही गोष्टींत थोडेथोडे तथ्य आहे. घोटाळा उरलेल्या भागात आहे.

आपल्याकडे इन्स्टंट म्हणून जो विजेचा गिझर मिळतो, त्यात बहुधा एक ते तीन लिटरची टाकी असतेच. तीन किलोवॅटचा हीटर तीन लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला दीडेक मिनिट घेतो. पुढचे पाणी वाहतावाहताच तापते, आणि तिथे गणित आडवे येते. एवढा हीटर वीस अंशांची वाढ देऊ शकतो ती मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाण्याला. तोटी पूर्ण सोडून मिनिटाला आठ लिटर घेतलेत, तर पाणी पाच-साडेपाच अंशांनीच तापणार. म्हणजे ‘अखंड’ खरे, पण बारीक धारेने. पंधरा लिटरची बादली भरायला सात मिनिटे लागतात. बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्याला यात काही अडचण नाही. एकाची अंघोळ होईतो दुसऱ्याची बादली भरते. शॉवरखाली उभे राहायची हौस असेल तर मात्र हा गिझर घेऊ नये.

बडोद्याची हवा इथे आपल्या बाजूने आहे. पौषातल्या पहाटेही वीसेक अंशांची वाढ मिळाली की अंघोळीचे काम भागते, आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी अंग भाजेल असे येते. महाबळेश्वरला तोच गिझर रडतखडत चालेल. परदेशातल्या व्हिडिओंत सबंध घराला पुरणारे विजेचे टँकलेस दिसतात, ते अठरा ते सत्तावीस किलोवॅटचे असतात. तेवढा भार आपल्या साध्या घरगुती जोडणीवर येऊच शकत नाही, तेव्हा तो विषय सोडावा.

‘टाकी नाही म्हणजे वीज कमी’ हा समजही तिकडूनच आलेला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे, दिवसाला 41 गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण 155 लिटर, गरम पाणी वापरणाऱ्या घरात टाकीविना हीटर 24 ते 34 टक्के अधिक कार्यक्षम ठरतो. आकडा खरा आहे, पण तिथली टाकी रात्रंदिवस गरम ठेवलेली असते आणि बचत होते ती या उभ्याउभ्या वाया जाणाऱ्या उष्णतेची. आपण काय करतो? सहाला बटण दाबतो, अंघोळी झाल्या की बंद करतो, आणि कोणी विसरले तर घरभर ओरडा होतो. मग वाचवायला उरतेच किती? पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला सुमारे 0.35 युनिट लागणार, टाकी असो वा नसो. पाण्याला ते कोणत्या डब्यात तापतेय याचे सोयरसुतक नसते. इन्स्टंट खरोखर जिंकतो तो दिवसभर थोडेथोडे ऊन पाणी लागणाऱ्या घरात. आजींना हातपाय धुवायला किंवा भांड्यांना दोन लिटर हवे असेल, तर त्यासाठी पंधरा लिटर तापवणे व्यर्थ. आणखी एक: स्टार लेबलची योजना टाकीच्या गिझरांसाठी आहे. इन्स्टंटवर कोणी ‘फाइव्ह स्टार’ सांगू लागला तर लेबल दाखवायला सांगा.

आता पैशाचे. इन्स्टंट गिझर स्वस्त असतो, पण तो ज्या वायरीवर चालवायचा ती तशी आहे का? तीन किलोवॅट म्हणजे तेरा अँपिअर. त्याला सोळा अँपिअरचे सॉकेट आणि बोर्डापासून वेगळी, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. साडेचार किलोवॅटचा घेतलात तर प्रवाह वीस अँपिअरला टेकतो. मग सोळाचे सॉकेटही पुरत नाही, थेट जोडणी आणि स्वतंत्र एमसीबी लागतो. दोन किलोवॅटचा टाकीवाला नऊ अँपिअरच्या आतच राहतो. जुन्या वायरिंगला तो झेपण्याची शक्यता अधिक, हे सहसा कोणी सांगत नाही. मध्य गुजरात वीज कंपनीच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो आधी वाचावा. सकाळी पाण्याची मोटर आणि गिझर एकदमच चालू असतात.

एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही, असे पुष्कळांना वाटते. एमसीबी वायरीला सांभाळतो. माणसाला सांभाळतो तो आरसीसीबी, तोही तीस मिलिअँपिअरचा, आणि त्याच्या जोडीला चांगले अर्थिंग. जुन्या घरात सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे वायर असतेच असे नाही. वायरमनकडून हे तपासून घेतल्याशिवाय गिझरची खरेदी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बडोद्यात पाइपचा गॅस 1970च्या दशकापासून आहे, त्यामुळे गॅस गिझरचा विचार येणारच. खरा टाकीविना गिझर हाच. मिनिटाला सहा लिटरचा गॅस गिझर दहा किलोवॅटच्या आसपास उष्णता देतो आणि विजेवर भार टाकत नाही. खर्चाचा हिशेबही सोपा आहे. एक घनमीटर गॅसमधून, वाया जाणारी वजा जाता, सुमारे आठ युनिटांइतकी उष्णता पाण्यात उतरते. गॅसच्या दराला आठाने भागा आणि विजेच्या युनिटाच्या दराशी ताडून पाहा. मात्र सिलिंडरसाठी बनवलेला गिझर तसाच पाइपच्या गॅसवर लावू नये. जेट वेगळे असतात, दाबही वेगळा असतो.

इथला सर्वांत घातक गैरसमज असा की ‘काही बिघडले तर वास येईल’. वास येतो तो न जळलेल्या गॅसला, कारण त्यात तो मुद्दाम मिसळलेला असतो. बंद न्हाणीघरात ज्योत प्राणवायू संपवत जाते आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते आणि कडी काढायचे त्राण उरत नाही. अशा बेशुद्धीला आणि झटक्यांना फिट समजून उपचार झाल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी केल्या आहेत. दाराखालची फट किंवा एखादा एक्झॉस्ट पंखा यावर भरवसा ठेवता येत नाही. जुन्या मराठी घरांत पितळी बंब परसात नाहीतर चौकात पेटवत आणि पाणी बादलीने आत नेत. गॅस गिझरचीही जागा तीच: मोकळ्या हवेत, आणि आत फक्त पाइप. तुमच्या न्हाणीघराच्या चारी बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती असतील तर गॅसचा नाद सोडा.

पाण्याच्या दाबाचेही पाहावे. न्हाणीघर वरच्या मजल्यावर आणि टाकी लगेच डोक्यावर असेल तर गॅस गिझर पेटतच नाही, कारण पाण्याच्या दाबानेच त्याचा गॅस सुटतो. महापालिकेच्या पाण्यापेक्षा बोअरचे पाणी जड असते, आणि इन्स्टंटच्या छोट्या, तापट हीटरवर त्याचा क्षार लवकर बसतो. बोअरवर असाल तर एक-दोन वर्षांत हीटर बदलायची तयारी ठेवा.

दोन-तीन माणसे, बादलीची अंघोळ, वायरिंग नवे: तीन किलोवॅटचा इन्स्टंट बिनघोर घ्या. पाच-सहा माणसे सकाळी तासाभरात आटोपणारी असतील तर दहा-पंधरा लिटरची टाकी बरी. उभी मावत नसेल तर आडवी मिळते, दारावरच्या जागेत बसते. भाड्याच्या घरात असाल तर नव्या वायरीचा खर्च कोणाचा, हे घरमालकाशी गिझर आणण्याआधी बोलून घ्या.